पाणथळीतील जीवांची ओळख : एका चुकलेल्या नावाची किंमत

केरळातील कुट्टनाड हा समुद्रसपाटीपेक्षा खालच्या पातळीवर भात पिकविणारा प्रदेश आहे. वेंबनाड सरोवराच्या काठाने बांध घालून आणि आतील पाणी उपसून येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन राखली. वेंबनाड-कोल पाणथळ २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाली, तर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कुट्टनाडच्या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. मात्र १९६० नंतरची दोन दशके या भूमीसाठी कठीण होती. एका तरंगत्या तणाने कालवे आणि शेते झाकून टाकली. होड्यांची वाट अडली, उपसा पंपांत तण अडकू लागले, आणि लावणीपूर्वी शेतातील हिरवा थर काढण्यावरच मजुरीचा मोठा भाग खर्च होऊ लागला. काही शेतकऱ्यांना शेती सोडून द्यावी लागली.

या तणाचा बंदोबस्त अखेर एका लहानशा भुंगेऱ्याने केला. परंतु तो भुंगेरा हाती लागण्यास बराच काळ गेला, कारण तणाचे नावच चुकलेले होते. पाणथळीतील वनस्पती, कीटक आणि बुरशी यांची अचूक ओळख ही केवळ वर्गीकरणतज्ज्ञांची बाब नसून शेतीच्या खर्चाशी तिचा थेट संबंध कसा आहे, हे समजण्यासाठी साल्व्हिनियाचा हा इतिहास उपयुक्त आहे.

आफ्रिकेची नाही, शेवाळही नाही

केरळात या तणाला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. मल्याळम भाषेत ‘पायल’ म्हणजे शेवाळ. प्रत्यक्षात ही वनस्पती आफ्रिकेची नाही आणि शेवाळही नाही. ती दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलमधून जगभर पसरलेली पाण्यावर तरंगणारी नेचावर्गीय वनस्पती आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करिबा धरणाच्या जलाशयात तिने १९६२ पर्यंत सुमारे १,००० चौरस किलोमीटर पृष्ठभाग व्यापला होता. आफ्रिकेतील हा उपद्रव जगभर गाजला आणि आफ्रिकेचे नाव या वनस्पतीशी जोडले गेले. केरळात ती १९५५ च्या सुमारास तिरुवनंतपुरमजवळील वेळी सरोवरात आढळली आणि १९६४ पासून उपद्रवी तण म्हणून ओळखली जाऊ लागली.

वेंबनाडच्या पाण्यात पूर्वी दर उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी शिरत असे आणि गोड्या पाण्यातील तरंगत्या तणांची वाढ त्यामुळे आपोआप रोखली जाई. भाताला क्षारांपासून वाचविण्यासाठी १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला. त्याचा भाताला उपयोग झाला, परंतु तणांवरील हा नैसर्गिक अंकुशही कमी झाला.

चुकलेल्या नावाचा प्रवास

या तणाला शास्त्रज्ञ आरंभी ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ समजत. ही जाती मध्य व दक्षिण अमेरिकेत मोठ्या क्षेत्रावर आढळते. त्यामुळे तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्याचे काम १९६० च्या दशकात त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात झाले. तेथून तीन कीटक निवडण्यात आले : ‘पॉलिनिया अक्युमिनाटा’ हा नाकतोडा, ‘समिया मल्टिप्लिकॅलिस’ हा पतंग आणि ‘सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस’ हा सोंडकिडा. यांपैकी काही आफ्रिकेत व इतरत्र सोडले गेले. नाकतोडा १९७४ मध्ये केरळातही आणण्यात आला. तणावर निर्णायक परिणाम मात्र कोणाचाच झाला नाही.

यातील मूळ अडचण १९७२ मध्ये उघड झाली. डेव्हिड मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने उपद्रवी तण ही ऑरिक्युलाटापेक्षा वेगळी जाती असल्याचे दाखवून तिला ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’ असे नाव दिले. ‘मोलेस्टा’ म्हणजे त्रासदायक. या जातीत गुणसूत्रांचे पाच संच असतात आणि तिचे बीजाणू वांझ असतात. खोडाचा तुकडा तुटला की त्यापासून नवे रोप तयार होते, आणि अनुकूल परिस्थितीत दोन-तीन दिवसांत तिची संख्या दुप्पट होऊ शकते. म्हणजेच जगभर पसरलेले हे तण बीजाणूंवाचून, केवळ तुकड्यांच्या बळावर पसरले होते.

नवे नाव मिळाल्यावर शोधाची दिशा बदलली. १९७८ मध्ये मोलेस्टाचे मूळ वसतिस्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तेथील रोपांवर एक सोंडकिडा मिळाला. तोही दिसायला सिंग्युलॅरिससारखाच होता आणि संशोधकांनी आरंभी त्याला त्याच जातीचा मानले. ऑस्ट्रेलियातील मूंडारा जलाशयात जून १९८० मध्ये तो सोडण्यात आला. तेथे सुमारे २०० हेक्टरवर अंदाजे १८,००० टन तण पसरले होते. ऑगस्ट १९८१ पर्यंत एक टनाहूनही कमी शिल्लक राहिले.

एकाच जातीचे मानलेले दोन कीटक इतके भिन्न का वागतात, याचा शोध घेतला असता ते दोन भिन्न जातींचे असल्याचे स्पष्ट झाले. ब्राझीलमधील कीटकाला १९८५ मध्ये ‘सिर्टोबेगस साल्व्हिनी’ हे नाव मिळाले. दोघांतील महत्त्वाचा फरक अळीच्या सवयीत आहे. साल्व्हिनीची अळी तणाच्या पाण्याखालील आडव्या खोडात शिरून ते आतून पोखरते, तर प्रौढ कीटक कोवळे अंकुर खातो. त्यामुळे रोपाला फुटवाच राहत नाही. ते तपकिरी होऊन बुडते. सिंग्युलॅरिसची अळी असे खोड पोखरत नाही. रोपाला इजा होते, परंतु अंकुर शाबूत राहतो आणि तण पुन्हा वाढते.

अशा रीतीने एका प्रकरणात दोनदा ओळख चुकली : प्रथम वनस्पतीची, नंतर कीटकाची. दुसरी चूक फारशी नडली नाही, कारण तोपर्यंत पहिली दुरुस्त झाली होती आणि कीटक योग्य वनस्पतीवरूनच गोळा केला गेला होता.

कुट्टनाडला मिळालेला दिलासा

ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या या सोंडकिड्याने बंगळूरच्या एका कमळतळ्यातील साल्व्हिनिया सुमारे अकरा महिन्यांत संपविली. केरळातही १९८३-८४ च्या सुमारास तो सोडण्यात आला आणि पुढील काही वर्षांत अनेक कालवे व शेते मोकळी झाली. भातशेतात तण काढण्यासाठी हेक्टरी सुमारे २३५ रुपये खर्च येत असे. तो वाचल्याने १९८८ पर्यंत केवळ मजुरीतील वार्षिक बचत सुमारे ६८ लाख रुपये असल्याचा अंदाज मांडला गेला. अलीकडच्या वर्षांत मध्य प्रदेशातील तलावांतही साल्व्हिनियाचा शिरकाव झाला आहे, आणि जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाने तेथेही याच कीटकाचा वापर केला आहे.

शेतावरील ओळख : वनस्पती

तलाव, कालवा किंवा खाचरातील तरंगती हिरवाई दुरून सारखीच दिसते. जवळून पाहिल्यास पुढील खुणा निर्णायक ठरतात.

*साल्व्हिनिया मोलेस्टा :* प्रत्येक पेरावर तीन पाने असतात. दोन हिरवी पाने पाण्यावर तरंगतात. तिसरे पान पाण्याखाली तंतूंसारखे विभागलेले असल्याने मुळासारखे दिसते. तरंगत्या पानाच्या वरच्या पृष्ठभागावर ताठ लव असते. भिंगातून पाहिल्यास एकेका उंचवट्यावरील चार केस टोकाशी पुन्हा जुळलेले दिसतात. त्यांचा आकार आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखा असतो. जुन्या पानांवर ही टोके तुटलेली असू शकतात, म्हणून नुकतेच उमललेले पान तपासावे. विरळ वाढीत पाने लहान व पाण्यावर सपाट असतात. गर्दी झाली की ती मोठी होऊन मध्यशिरेवर दुमडतात आणि उभी राहतात. एकाच जातीची ही दोन रूपे अनेकदा दोन वेगळी तणे समजली जातात.

*इतर साल्व्हिनिया :* काश्मीरच्या सरोवरांत ‘साल्व्हिनिया नॅटन्स’ आढळते. तिच्या केसांची टोके मोकळी असतात. पूर्व भारतातील ‘साल्व्हिनिया कुकुल्लाटा’ची पाने द्रोणासारखी वळलेली असतात. या दोन्ही जाती मोलेस्टाहून भिन्न असल्याने त्यांच्याबाबत सरसकट नियंत्रणाचा निर्णय घेऊ नये.

*अझोला :* हाही तरंगता नेचाच, परंतु शेतकऱ्याचा सोबती. पाने अत्यंत बारीक व एकमेकांवर खवल्यांसारखी रचलेली असतात. उन्हात किंवा स्फुरदाच्या कमतरतेत त्यांवर लालसर छटा येते. पानांच्या पोकळीत राहणारे नीलहरित जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून भात खाचरात अझोला मुद्दाम वाढवितात. अझोलाचे बियाणे दुसऱ्या गावाहून आणताना त्यात साल्व्हिनियाचा एखादा तुकडा नाही ना, हे तपासणे आवश्यक आहे. एक तुकडाही नवा प्रादुर्भाव सुरू करण्यास पुरेसा असतो.

*जलपर्णी :* महाराष्ट्रात केंदाळ या नावानेही परिचित. फुगीर, स्पंजासारखे देठ, तकतकीत गोलसर पाने आणि जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका या तिच्या खुणा आहेत. दाट वाढीत देठ लांब व सडपातळ होतात, त्यामुळे केवळ फुगीरपणावर विसंबू नये. पूर्वी ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’ म्हणून ओळखली जाणारी ही जाती आता ‘पोंटेडेरिया क्रॅसिपेस’ या नावाने नोंदविली जाते. नाव बदलले तरी वनस्पती तीच आहे. जुन्या शिफारशी वाचताना हे ध्यानात असावे. भात खाचरात उगवणारी ‘मोनोकोरिया’ ही याच कुळातील असून तिची फुले निळी असतात. मात्र ती चिखलात रुजलेली असते आणि तिचे देठ फुगीर नसतात.

*पिस्टिया :* कोबीच्या लहान गड्ड्यासारखी रचना, फिकट हिरवी मखमली पाने आणि त्यांवरील उठावदार समांतर शिरा. हिंदी भाषक प्रदेशात ‘जलकुंभी’ हे एकच नाव जलपर्णी आणि पिस्टिया या दोघींना लावले जाते. सल्ला मागताना केवळ हे नाव सांगितल्यास चुकीचा उपाय मिळण्याची शक्यता असते. जलपर्णीवरील सोंडकिडे पिस्टियाचे नियंत्रण करीत नाहीत; पिस्टिया ‘स्पोडोप्टेरा पेक्टिनिकॉर्निस’ या पतंगाच्या अळ्या खातात.

मित्र कीटक की पिकाचा शत्रू?

पाणवनस्पतींवर दिसणारा प्रत्येक भुंगेरा कीडही नसतो आणि मित्रही नसतो. विदर्भातील भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील तलावांत, तसेच मध्य प्रदेश व बिहारमध्ये शिंगाड्याचे पीक घेतले जाते. शिंगाड्यावरील ‘गॅलेरुसेला बर्मानिका’ हा भुंगेरा व त्याच्या अळ्या पानांचा हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी शिल्लक ठेवतात. त्याच तलावात जलपर्णी असल्यास तिच्यावर मित्र सोंडकिडेही असू शकतात. दोघांतील फरक न कळल्यास कीटकनाशकाची एक फवारणी तणाच्या शत्रूलाही नष्ट करते.

ओळखीची पहिली खूण तोंडाकडे असते. सोंडकिड्याचे डोके पुढे वाकड्या सोंडेसारखे लांबलेले असते. शिंगाड्याच्या भुंगेऱ्याला अशी सोंड नसते व त्याचा रंग पिवळसर तपकिरी असतो.

जलपर्णीवर ‘नीओकेटिना’ वंशाच्या दोन जाती भारतात सोडण्यात आल्या आहेत. दोन्ही चार ते पाच मिलिमीटर लांबीच्या आहेत. ‘नीओकेटिना ब्रुकी’च्या पाठीवर फिकट रंगाचा इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा दिसतो. ‘नीओकेटिना आयकॉर्नी’ करडी व चट्ट्यांची असून तिच्या पाठीवरील दोन काळसर रेषा अधिक लांब असतात. दिवसा हे कीटक रोपाच्या गाभ्यात दडून बसतात. म्हणून कीटक दिसला नाही तरी पानावरील दोन ते चार मिलिमीटरचे खरवडलेले चौकोनी डाग पाहावेत. ती त्यांच्या उपस्थितीची विश्वसनीय खूण आहे. पानावर शिरांना समांतर असंख्य बारीक तांबूस रेघा असतील, तर ते ‘ऑर्थोगॅलुम्ना’ या कोळीचे काम असते.

साल्व्हिनियावरील सिर्टोबेगस दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. नुकताच बाहेर पडलेला प्रौढ तपकिरी, पुढे चकचकीत काळा होतो. तण तपकिरी झाले म्हणजे कीटकाचे काम सुरू झाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. अति दाटी, थंडी किंवा नत्राची कमतरता यांमुळेही थर तपकिरी होतो. अशा वेळी दहा-बारा रोपांचे आडवे खोड उभे चिरून पाहावे. आत पोखरलेले बोगदे, भुसा किंवा पांढरी अळी आढळल्यासच कीटक स्थिरावल्याचे मानावे.

नत्राचा हा मुद्दा पापुआ न्यू गिनीच्या अनुभवातून अधिक स्पष्ट झाला. तेथील पाण्यात नत्र कमी असल्याने साल्व्हिनियाची पाने निकस होती आणि सोडलेले सोंडकिडे तग धरेनात. मर्यादित जागेतील तणाला युरिया दिल्यावर पानांतील नत्र वाढले, कीटकांची संख्या वाढली, आणि तेथून ते इतरत्र पसरले. तण मारण्यासाठी प्रथम तणालाच खत द्यावे लागले.

बुरशी : लक्षण एक, कारणे अनेक

पाणथळीतील बुरशींकडे सर्वांत कमी लक्ष जाते. १९७० मध्ये नागराज व पोन्नप्पा यांनी भारतातील जलपर्णीवरून ‘अल्टरनेरिया आयकॉर्नी’ या बुरशीचे वर्णन केले. ती पानांवर करपा आणते, आणि तणनियंत्रणासाठी तिच्या उपयोगाचा अभ्यास पुढे झाला.

शेतावर मात्र पानावरील प्रत्येक तपकिरी डाग बुरशीचा नसतो. सोंडकिड्याचा डाग वरवर खरवडलेला व ठळक कडांचा असतो. बुरशीचा डाग हळूहळू पसरतो, त्याच्या कडेला बहुधा पिवळसर वलय असते, आणि दमट हवेत मधोमध काळसर भुकटी दिसू शकते. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. अल्टरनेरियाचे बीजाणू गदेच्या आकाराचे असून त्यांत आडवे व उभे असे दोन्ही पडदे असतात. जलपर्णीवरच आढळणाऱ्या सर्कोस्पोराचे बीजाणू सुईसारखे लांब व सडपातळ असतात.

एक सावधगिरी येथेही आवश्यक आहे. मेलेल्या पानावर वाढणारी बुरशी ही त्या पानाच्या मृत्यूचे कारण असेलच असे नाही. अनेक बुरशी केवळ कुजणाऱ्या अवशेषांवर जगतात. निरोगी रोपावर ती लावून तोच रोग उद्भवतो आणि त्यातून तीच बुरशी परत मिळते, हे सिद्ध झाल्यावरच तिला रोगकारक म्हणता येते. कीटकांवरही बुरशी येते. मेलेल्या सोंडकिड्यावर पांढरा पीठासारखा थर आढळल्यास तो ‘ब्युव्हेरिया’सारख्या कीटकभक्षी बुरशीचा असू शकतो, असा नमुना प्रयोगशाळेकडे अवश्य पाठवावा.

निरीक्षण आणि नमुना

ओळख पक्की करण्यासाठी पुढील पद्धत उपयुक्त ठरते.

१. संपूर्ण रोप, त्याचा पाण्याखालील भाग, पानाची वरची व खालची बाजू यांची स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. प्रमाण कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे.

२. दिनांक, ठिकाण, पाण्याची खोली, पाणी गोडे की मचूळ, आणि सांडपाणी किंवा खतांचे पाणी येऊन मिळते का, याची नोंद करावी.

३. कीटक लहान बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि कोणत्या वनस्पतीवर मिळाले हे बाटलीवर लिहावे. यजमान वनस्पतीची नोंद नसलेला नमुना निम्मा निरुपयोगी ठरतो.

४. बुरशीग्रस्त पाने प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळावीत, अन्यथा ओलाव्याने इतर बुरशी वाढतात.

५. नमुने व नोंदी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्याव्यात.

६. मित्र कीटक हवेत म्हणून एका तलावातील तण परस्पर उचलून दुसऱ्या तलावात टाकू नये. त्यासोबत नवी तणे व रोगही जातात. कीटक अधिकृत संस्थेकडूनच घ्यावेत.

ओळखीनंतरचे काम

कुट्टनाडमध्ये साल्व्हिनिया आटोक्यात आली, तरी मोकळ्या झालेल्या पाण्यात पुढे जलपर्णीने बस्तान मांडले. पाण्यात नत्र व स्फुरद भरपूर असेल, तर एका तणाची जागा दुसरे तण घेते. म्हणून सांडपाणी आणि खतांचा निचरा रोखणे हा कोणत्याही कीटकाला पर्याय नसलेला भाग आहे. दुसरे तण आले की आधीच्या अनुभवावर विसंबून तोच उपाय पुन्हा योजण्याचा मोह होतो. साल्व्हिनियाचा सोंडकिडा जलपर्णीला स्पर्शही करीत नाही. प्रत्येक नव्या तणाची ओळख नव्यानेच करावी लागते.

मोलेस्टाला तिचे खरे नाव मिळेपर्यंत केरळातील तिच्या पहिल्या नोंदीला सतरा वर्षे होऊन गेली होती, आणि योग्य कीटक कुट्टनाडच्या पाण्यात पोहोचण्यास आणखी दशकभर लागले. आज भिंग, छायाचित्र आणि तज्ज्ञांशी संपर्क ही साधने गावोगावी उपलब्ध आहेत. तलावातील पहिला अनोळखी हिरवा ठिपका दिसताच त्याचे एक पान भिंगाखाली धरले, तर तो उपाय बराच स्वस्तात पडतो.